खुले दप्तर, राखीव शिक्का : ओपन सोर्सच्या कामाची पहिली पायरी

आपल्या हातातील मोबाईल बहुधा अँड्रॉइडवर चालतो आणि अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स नावाचा गाभा असतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून याच लिनक्सवर चालत आले आहे. मौज अशी की, ज्या सूचनांच्या मजकुरावर हा एवढा डोलारा उभा आहे तो मजकूर कोणाही इसमाला घरबसल्या वाचता येतो, त्याची नक्कल उतरून घेता येते, आणि त्यात दुरुस्तीही सुचविता येते; त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही, पदवीचा दाखला लागत नाही, की फी पडत नाही. तेव्हा सहजच शंका येते की, ज्या कागदाला वाटेल त्याचा हात लागू शकतो तो कागद आजवर खराब कसा झाला नाही? आणि तिच्या पाठोपाठ दुसरी शंका येते, ती ही की, ज्याला या कामात हातभार लावण्याची इच्छा आहे त्या नवख्याने नेमके कोणाचे दार ठोठावावे? या दोन्ही शंकांचे उत्तर एकच असून ते या कामाच्या पद्धतीत सापडते.

मूळ मजकूर आणि त्यावरील हक्क

संगणकाला द्यावयाच्या सूचना प्रथम माणसाला वाचता येईल अशा एखाद्या संकेतभाषेत लिहिल्या जातात. या लेखनाला सोर्स कोड म्हणतात. आपण त्याला मूळ मजकूर म्हणू. पुढे त्याचे यंत्राला समजणाऱ्या रूपात परिवर्तन होते, आणि विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरचे हे दुसरे रूपच तेवढे आपल्या हाती पडते. ते चालविता येते, पण उघडून पाहता येत नाही. त्यात दोष आढळला तर कंपनीकडे अर्ज करावा आणि वाट पाहावी, याहून अधिक काही गिऱ्हाइकाच्या स्वाधीन नसते. ही स्थिती पालटावी या हेतूने रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ साली ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना सिद्ध केला. मूळ मजकूर वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क घेणाऱ्याला असावा, आणि बदललेली प्रत पुढे वाटताना त्यानेही तोच हक्क पुढच्याला द्यावा, हे त्या परवान्याचे सार होय. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंदाखातर लिहीत असलेल्या एका प्रणालीविषयी अनोळखी लोकांकडून सूचना मागविल्या, आणि पुढील वर्षी ती प्रणाली त्याच परवान्याखाली आणली, तीच लिनक्स. 'ओपन सोर्स' हे नाव मात्र या सर्वांच्या मागून, १९९८ साली पुढे आले.

सुचविणारे अनेक, शिक्का मोजक्यांचा

ज्यांची गावाकडे जमीन आहे त्या वाचकांना फेरफाराची वही परिचित असेल. खरेदीखत झाले म्हणून नव्या मालकाचे नाव आपोआप सातबाऱ्यावर चढत नाही. तलाठी प्रथम वहीत क्रमांक घालून नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते, आणि ती सरल्यावर मंडळ अधिकारी नोंद तपासून मंजूर किंवा नामंजूर करतो. मंजुरी मिळाली तरच सातबारा बदलतो; आणि जुन्या नोंदी वहीत कायम राहत असल्यामुळे कोणाचे नाव कोणत्या साली, कशाच्या आधारे लागले याचा माग दोन पिढ्यांनंतरही काढता येतो.

ओपन सोर्सचा कारभार थेट याच चालीने चालतो. अर्ज कोणालाही करता येतो, हरकत कोणालाही घेता येते, वही कोणालाही पाहता येते. शिक्का मात्र मोजक्या माणसांच्या हाती असतो. या शिक्केवाल्यांना मेंटेनर म्हणतात. लिनक्ससारख्या अवाढव्य प्रकल्पात त्यांची उतरंड असते. कोणी ध्वनीचा भाग सांभाळतो, कोणी नेटवर्कचा, कोणी फाइली साठविण्याचा, आणि त्यांनी पसंत केलेले बदल शेवटी टॉरव्हाल्ड्सपर्यंत पोचतात. लहान प्रकल्पात हा सारा हुद्द्यांचा पसारा एकाच माणसात सामावलेला असतो, आणि तो माणूस बहुधा आपली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करीत असतो. ही गोष्ट नवख्याने आरंभीच मनावर कोरून ठेवावी, कारण पुढील सर्व शिष्टाचाराचे मूळ तिच्यात आहे.

महसुली दप्तरात जे संभवत नाही असे एक मात्र येथे संभवते. मेंटेनरचा कारभार ज्याला पटत नाही त्याला संपूर्ण दप्तराची नक्कल घेऊन आपला स्वतंत्र संसार थाटता येतो. ओपनऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच २०१० साली सन कंपनीबरोबर ओरॅकलच्या ताब्यात गेला, तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्याच वर्षी सप्टेंबरात बाहेर पडले आणि त्यांनी त्याच मजकुरातून लिबरऑफिस उभे केले. शिक्केवाल्याच्या सत्तेला हा असा कायमचा लगाम असतो.

वही राखण्याची युक्ती

ही वही राखण्याचे काम आज बहुतेक ठिकाणी गिट नावाचे सॉफ्टवेअर करते. लिनक्सचे कार्यकर्ते पूर्वी बिटकीपर नावाचे खाजगी साधन वापरीत; त्याची विनामूल्य सवलत बंद झाली, तेव्हा २००५ च्या एप्रिलमध्ये टॉरव्हाल्ड्सने स्वतःच एक साधन लिहावयास घेतले आणि थोड्याच दिवसांत ते वापरण्याजोगे केले. गिटमध्ये प्रत्येक बदलाची जी नोंद होते तिला कमिट म्हणतात. कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या आल्या, बदल कोणी केला, केव्हा केला आणि कोणत्या कारणास्तव केला, हा सारा तपशील तिच्यावरून कळतो. या तपशिलावरून गणिताने ४० अक्षर-अंकांची एक खूण काढली जाते. आणि ती काढताना आधीच्या नोंदीची खूणही हिशेबात धरली जात असल्याने, कोणी मागाहून एखाद्या जुन्या नोंदीत काना-मात्रेचा जरी फरक केला, तरी तेथून पुढच्या सर्व खुणा बदलतात आणि लबाडी उघडकीस येते. शिवाय प्रकल्पाची प्रत उतरून घेणाऱ्या प्रत्येकाकडे सामान्यतः ही संपूर्ण वहीच जाते. त्यामुळे मूळ दप्तर जळाले तरी त्याच्या नकला जगभर शिल्लक राहतात.

जेथे अशा वह्या सार्वजनिकपणे ठेवतात आणि अर्ज दाखल करण्याची सोय असते, अशा जागांपैकी २००८ साली सुरू झालेली गिटहब ही सर्वांत प्रसिद्ध होय. गिटलॅब आणि कोडबर्ग याही त्याच जातीच्या. प्रकल्पाच्या अशा एका दप्तराला रिपॉझिटरी, बोलण्यात नुसते रेपो म्हणतात.

आरंभ वाचनापासून

नवख्याचा पहिला प्रश्न 'मी काय लिहू?' असा असतो. तो जरा बाजूस ठेवून प्रथम 'मी काय वापरतो?' हे पाहावे. जे सॉफ्टवेअर आपण रोज वापरतो त्यातील उणिवा आपल्याला ठाऊक असतात, आणि त्या दूर व्हाव्यात असे मनापासून वाटतही असते. उलट केवळ नावलौकिकासाठी निवडलेल्या अपरिचित प्रकल्पात उत्साह आठवडाभरात ओसरतो. प्रकल्प निवडल्यावर त्याच्या रेपोतील तीन दस्तऐवज वाचावेत. 'रीडमी' या नावाच्या फाइलीत प्रकल्पाचा परिचय असतो, 'लायसन्स'मध्ये परवाना, आणि 'कॉन्ट्रिब्यूटिंग'मध्ये बदल सुचविण्याची त्या घरची रीत. मग शेवटची कमिट कोणत्या तारखेची आहे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात की नाही, आणि मिळतात ती कोणत्या स्वरात, हेही पाहून घ्यावे. जेथे वर्षभर नोंद झालेली नाही तेथे अर्ज टाकून उत्तराची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

यानंतर ते सॉफ्टवेअर मूळ मजकुरावरून आपल्या संगणकावर बांधून, चालवून पाहावे. हे वाटते तितके सोपे नसते, आणि पहिल्या आठवड्यातील बहुतेक दम येथेच निघतो. कोठे एखादे पूरक साधन कमी असते, कोठे मार्गदर्शिकेतील आज्ञा जुनी झालेली असते. पण नेमके येथेच नवख्याला एक संधी असते. जुन्या कार्यकर्त्यांच्या यंत्रावर सर्व काही वर्षानुवर्षे बसलेले असल्यामुळे मार्गदर्शिकेतील हे खड्डे त्यांना दिसतच नाहीत. ते नव्या माणसालाच दिसतात. तेव्हा जेथे आपण अडखळलो तेथील मार्गदर्शिकेची ओळ दुरुस्त करून पाठविणे, हे पहिले कार्य म्हणून सर्वस्वी योग्य असून त्याला प्रोग्रामिंगचे ज्ञान जवळजवळ लागत नाही. पुष्कळ प्रकल्पांत नवख्यांसाठी राखून ठेवलेल्या कामांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठीही लावलेली असते.

तक्रार लिहिण्याची रीत

दोष अथवा मागणी नोंदविण्याच्या अर्जाला इश्यू म्हणतात. समजा, एखाद्या लेखन-साधनात 'वाऱ्यावर' या शब्दातील रफार नसलेला, आडव्या वळणाचा अर्धा र नीट उमटत नाही. 'तुमचे मराठी बिघडले आहे, कृपया त्वरित दुरुस्त करा' असे लिहिल्यास दूर देशीच्या मेंटेनरला त्यातून काहीच बोध होणार नाही. आपण कोणती आवृत्ती वापरतो, ती कोणत्या प्रणालीवर चालते, फॉन्ट कोणता आहे, कोणता शब्द टंकलिखित केला, काय दिसावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, हे क्रमवार लिहून सोबत चित्र जोडावे. म्हणजे देवनागरीचे एक अक्षरही न जाणणाऱ्या मनुष्याला आपल्या यंत्रावर तोच दोष पुन्हा घडवून पाहता येतो. जो दोष पुन्हा घडविता येतो तो अर्धा दुरुस्त झाल्यासारखाच असतो. अर्ज टाकण्यापूर्वी तीच तक्रार आधी कोणी केली आहे काय, हे शोधणेही अगत्याचे आहे.

दुरुस्तीचा अर्ज पायरीपायरीने

दुरुस्ती स्वतःच करावयाची ठरल्यास क्रम साधारणतः असा असतो. प्रथम त्या रेपोची आपल्या नावावर एक नक्कल काढावी. हिला फोर्क म्हणतात. ती आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. हे क्लोन करणे. मग मुख्य मजकुराला धक्का न लावता काम करता यावे म्हणून एक वेगळी शाखा काढावी, ही ब्रँच. तिच्यात दुरुस्ती करावी, प्रकल्पाच्या चाचण्या चालवून जुने काही मोडले नाही याची खातरजमा करावी, आणि कमिट करावी. नंतर ती शाखा आपल्या फोर्कवर चढवून मूळ प्रकल्पाकडे 'हा बदल आपल्या मजकुरात घ्यावा' असा अर्ज दाखल करावा. हीच पुल रिक्वेस्ट. अर्ज मंजूर होऊन बदल मुख्य मजकुरात मिसळला गेला म्हणजे तो मर्ज झाला असे म्हणतात. लिनक्सच्या गाभ्याची रीत याहून जुनी आहे. तेथे बदल पॅच या रूपाने ईमेलने पाठवितात. साधन निराळे असले तरी अर्ज, छाननी आणि शिक्का हा क्रम तोच राहतो.

या अर्जात दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिले असे की, एका अर्जात एकच बदल असावा. शुद्धलेखन सुधारताना वाटेत दिसलेली चार अन्य कामेही उरकून टाकण्याचा मोह होतो, परंतु त्यामुळे छाननी करणाऱ्याला कोणती ओळ कशासाठी बदलली हे कळेनासे होते, आणि एका शंकास्पद भागापायी उरलेले निर्दोष भागही अडकून पडतात. दुसरे पथ्य असे की, बदलाचे कारण स्पष्ट लिहावे. काय बदलले हे वहीत दिसतेच; का बदलले, हे लिहिणाऱ्याने सांगितल्यावाचून कोणालाही कळत नाही.

छाननी, विलंब आणि नकार

अर्ज दाखल होताच पुष्कळ प्रकल्पांत स्वयंचलित चाचण्या सुरू होतात, आणि त्या उत्तीर्ण झाल्यावर एखादा मेंटेनर ओळ न् ओळ वाचून शेरे मारतो. आपल्या पहिल्या अर्जावर दहा शेरे पाहून नवख्याचे मन खट्टू होते; वस्तुतः कोणी आपला वेळ खर्चून वाचले, याचाच तो पुरावा असतो. उत्तर येण्यास कधी दोन दिवस लागतात, कधी दोन महिने. आठ-पंधरा दिवसांनी एकदा नम्र स्मरण देण्यास हरकत नाही. रोज तगादा लावणे मात्र अशोभनीय होय. चांगला बदलही कधी नामंजूर होतो, कारण मंजूर केलेली प्रत्येक ओळ पुढे वर्षानुवर्षे सांभाळण्याची जबाबदारी, तो बदल पाठविणारा निघून गेल्यावर, मेंटेनरच्याच गळ्यात पडते.

येथे ओपन सोर्सच्या अर्थव्यवहाराचे वर्म आहे. मजकूर लिहून देणारे हात पुष्कळ मिळतात. तो वाचून पारखणारे डोळे थोडे असतात. २०२० च्या ऑक्टोबरात, ठराविक संख्येने अर्ज दाखल करणाऱ्यांस टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या वार्षिक उपक्रमात एवढ्या निरर्थक अर्जांचा पूर लोटला, की ज्या प्रकल्पांनी आपणहून संमती दिली असेल तेवढ्यांनाच त्यात धरावे, असा नियम आयोजकांना महिन्याच्या आरंभीच करावा लागला. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेले, दिसण्यात सुबक पण आशयात पोकळ असे अर्ज येऊ लागले आहेत. कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे स्वीडिश प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा खोट्या सुरक्षा-तक्रारींविषयी २०२४ पासून जाहीरपणे त्रागा व्यक्त केला आहे. जो बदल आपल्याला स्वतःला समजलेला नाही तो पाठवू नये, हा नियम म्हणूनच आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

डोळे थोडे असण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२४ साली एक्सझेड प्रकरणाने दाखविले. माहिती दाबून लहान करणारे हे साधन असंख्य लिनक्स यंत्रांवर असते, आणि त्याची जबाबदारी मुख्यतः एका थकलेल्या मेंटेनरवर होती. जिया टॅन हे नाव धारण करणाऱ्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त बदल पाठवून विश्वास संपादन केला, शिक्क्याचा अधिकार मिळविला, आणि मग दूरच्या यंत्रात चोरवाटेने शिरता येईल असा मजकूर त्यात दडविला. विशेष असे की, ती चोरवाट जागी करणारा कळीचा तुकडा सार्वजनिक वहीत नव्हताच. लोकांना वाटण्यासाठी जे गठ्ठे बांधले त्यांत तेवढा तो घातला होता, म्हणजे नोंद एक आणि उतारा दुसराच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. मूळ मजकूर उघडा असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ही लबाडी चव्हाट्यावर आणली. उघड्या वहीमुळे फसवणूक आपोआप टळत नाही. वही वाचणारा कोणी असेल तर ती पकडली जाते, एवढेच.

परवान्याचे भान

ज्या मजकुरासोबत परवाना नाही तो डोळ्यांसमोर उघडा असला तरी त्याचे हक्क लेखकाकडेच राहतात; तो उचलून वापरणे बेकायदा ठरू शकते. परवान्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग आहेत. जीपीएलसारखे परवाने, बदललेली प्रत वाटणाऱ्यानेही मूळ मजकूर खुला ठेवावा, असा आग्रह धरतात; एमआयटीसारखे परवाने मूळ लेखकाचे नाव व परवान्याचा मजकूर कायम ठेवला की बाकी मोकळीक देतात. आपण जे देतो ते देण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेही पाहावे लागते. एससीओ कंपनीने लिनक्सच्या मालकीवरून २००३ साली न्यायालयीन तंटा उभा केला, त्यानंतर २००४ साली लिनक्समध्ये प्रत्येक बदलाखाली बदल देणाऱ्याने आपले नाव घालून तशी ग्वाही देण्याची प्रथा पडली. नोकरीत असणाऱ्यांनी आपल्या करारपत्रात या बाबतीत काय लिहिले आहे, ते आधी वाचून घ्यावे.

मराठी जाणणाऱ्यांसाठी मोकळी जागा

प्रोग्रामिंग येत नाही त्याला येथे थारा नाही, हा समज चुकीचा आहे. फायरफॉक्स या ब्राउझरचे मराठी शब्द पाँटून या साधनातून आणि लिबरऑफिसचे वेबलेटमधून सुधारता येतात. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो त्यातील संदेश ट्रान्सलेटविकी येथे भाषांतरित होतात. फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्ये वाचून आवाज देता येतो आणि इतरांचे उच्चार तपासता येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहे, तेव्हा त्यातील उणिवाही दाखविता येतात. छापील पानावरील अक्षरे ओळखणारे टेसरॅक्ट हे साधन मराठीही वाचते, आणि जुन्या मराठी छपाईत ते कोठे चुकते हे मराठी वाचकाइतके अचूक दुसरे कोण सांगणार? ज्यांना लिनक्स किंवा प्रोग्रामिंग प्रथमपासून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. आणि जे थोडे पुढे गेले आहेत त्यांना गुगलच्या २००५ पासून चाललेल्या समर ऑफ कोड या उपक्रमात विद्यावेतन घेऊन अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करता येते.

चौकट : थोडक्यात सांगायचे तर
• स्वतः वापरत असलेले सॉफ्टवेअर निवडा. ते जिवंत आहे की नाही, हे शेवटच्या नोंदीच्या तारखेवरून पाहा.
• परिचय, परवाना आणि बदल सुचविण्याची रीत हे तीन दस्तऐवज आधी वाचा.
• तक्रारीत आवृत्ती, क्रम, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम लिहा.
• फोर्क, क्लोन, ब्रँच, कमिट, पुल रिक्वेस्ट हा क्रम लक्षात ठेवा.
• एका अर्जात एकच बदल. आणि त्याचे कारण अवश्य.
• स्वतःला न समजलेला मजकूर पाठवू नका.
• विलंबाने चिडू नका, नकाराने खचू नका.

शेवटी एक विनंती

आपला पहिला अर्ज मंजूर होण्यापूर्वीही एक सेवा नवख्याला करता येण्याजोगी आहे, आणि तिची गरज सर्वांत मोठी असून ती करणारे सर्वांत थोडे आहेत. ती अशी की, आधीच दाखल असलेल्या तक्रारींपैकी एखादी घ्यावी, तो दोष आपल्या यंत्रावर घडतो की नाही हे पाहावे, आणि जे आढळले ते प्रामाणिकपणे तिच्याखाली लिहावे. या कामाला परवानगी लागत नाही, आणि त्याने मेंटेनरचा तासभर तरी वाचतो. वाचकांपैकी ज्यांना ओपन सोर्सच्या कामात शिरण्याची इच्छा असेल त्यांनी नवे काही लिहिण्याच्या आधी असा एक शेरा लिहून आरंभ करावा.